कलम नऊ आणि नवे बूट

विधानभवनाला सात दरवाजे होते. त्यांतल्या सहांतून कारकून, वार्ताहर, शिपाई, सुतार असं कोणीही यावं आणि कोणीही जावं. सातवा मात्र मुख्य दरवाजा. अकरा पायऱ्या, वर दोन पुरुष उंचीची लाकडी दारं, पितळी मुठी आणि त्या मुठींइतकाच चकचकीत, त्यांच्याइतकाच जागचा न हलणारा एक माणूस. या माणसाने नोकरीची सत्तावीस वर्षं त्या दारात उभं राहून काढली होती. सहकारी त्याला उंबरठा म्हणत. आधी चेष्टेने म्हणत, मग सवयीने म्हणू लागले, आणि नवीन आलेल्यांना तर ते त्याचं आडनावच वाटे.

मुख्य दरवाज्यातून फक्त आमदारांनी जायचं, हा इमारतीइतकाच जुना नियम. उंबरठा स्वतः सत्तावीस वर्षांत एकदाही त्या दारातून आत गेला नव्हता. तो रोज डावीकडच्या छोट्या दाराने यायचा, व्हरांड्याला वळसा घालून आपल्या जागी उभा राहायचा, आणि संध्याकाळी तसाच वळसा घालून परत जायचा. हजारदा दार उघडून दिलं, पण पलीकडे पाऊल नाही. आचाऱ्याने आयुष्यभर पंगती वाढाव्यात आणि स्वतः डबा खावा, त्यातली गत.

पण एक सवलत होती. मुख्य दरवाज्यावरून निवृत्त होणाऱ्या रक्षकाने शेवटच्या दिवशी, एकदाच, सहकुटुंब त्या दारातून बाहेर पडायचं आणि अकरा पायऱ्या उतरायच्या. अट एवढीच की निवृत्तीच्या दिवशी त्याची नेमणूक त्याच दारावर हवी. मागच्या फाटकावरून निवृत्त होणारा मागच्या फाटकातूनच जाई, जिथून भाजीचे टेंपो आत येत आणि मोडक्या खुर्च्या बाहेर जात.

उंबरठ्याच्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्याच्या बायकोने त्या अकरा पायऱ्यांची तयारी चार वर्षांपासून चालवली होती. कपडे ठरले होते. कोणत्या पायरीवर थांबून मागे वळून बघायचं, तेही ठरलं होतं: सातव्या. सगळ्या नात्यागोत्यात तिने हे इतक्यांदा सांगितलं होतं, की तिच्या भावाने, म्हणजे उंबरठ्याच्या मेहुण्याने, एकदा विचारलंच, "ताई, लग्नात तरी इतकी तयारी केली होतीस का गं?" त्यावर ती म्हणाली, लग्नात नवरा कसा निघेल ते माहीत नव्हतं, आता माहीत आहे.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच उभं आहे. आमदाराला दारात पास मागायचा नसतो. आमदाराला ओळखायचं असतं. आमदाराला "आपण कोण?" असं विचारणं म्हणजे हक्कभंग, आणि हक्कभंग म्हणजे ज्याचा अर्थ कोणालाच नीट ठाऊक नाही पण ज्याला सगळेच घाबरतात असा प्रकार. त्यामुळे दर निवडणुकीनंतर रक्षकांना नव्या सभागृहातल्या सगळ्या आमदारांच्या फोटोंचं पुस्तक मिळे आणि ते पाठ करावं लागे, पण केलं की नाही ते तपासत कोणी नसे.

दुसरा रिवाज असा, की आमदार दारात आला की रक्षकाने कमरेतून वाकायचं. बाकीचे रक्षक वाकल्यासारखं करून तिरक्या डोळ्याने चेहरा बघून घेत. उंबरठा कामाला लागला तेव्हा त्याच्या म्हाताऱ्या वरिष्ठाने त्याला बजावलं होतं की आमदाराच्या तोंडाकडे टक लावून बघणं हा उर्मटपणा. उंबरठ्याने ते मनावर घेतलं. तो पूर्ण वाकायचा, काटकोनात. सरळ होईपर्यंत आमदार आत गेलेला असायचा आणि पाठ तेवढी दिसायची. परिणामी सत्तावीस वर्षांत उंबरठ्याने राज्याच्या राजकारणाचे फक्त पाय पाहिले होते.

आणि पाय मात्र असे पाहिले होते, की विचारू नका. कोणाची टाच बाहेरून झिजते, कोण उजवा पाय आधी टाकतो, कोण चटकन येऊन दारात रेंगाळतो, सगळं तोंडपाठ. एका बाईंच्या सँडल विरोधी पक्षात असताना फाड्‌फाड्‌ वाजत आणि सत्तेत आल्यावर मऊ पडत. सत्तेने माणसाची चाल किती बदलते, याचा त्याला अंदाज होता आणि तेवढी सूट तो धरून चाले. मेहुण्याचं चपलांचं दुकान होतं. तो म्हणायचा, "भाऊजी, निवृत्तीनंतर माझ्या गल्ल्यावर बसा. आमच्या धंद्यात तोंडाला विचारतंय कोण?"

तर अशा या माणसाच्या हाती सरकारने कायदा दिला.

त्याआधी रक्षकांना अधिकार होता तो एकच, "पास दाखवा" म्हणण्याचा. समोरच्याने नाही दाखवला तर पुन्हा म्हणण्याचा. पोलीस बाहेरच्या फाटकावर असत, पण अध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय त्यांना इमारतीत पाऊल टाकता येत नसे. एकदा डास मारायचं यंत्र विकणारा एक गृहस्थ थेट समितीच्या बैठकीत शिरला. पोलिसांनी परवानगी मागितली, अध्यक्ष परगावी होते, परवानगी येईपर्यंत गृहस्थ नऊ यंत्रं विकून घरी जेवायला गेले होते. तिथवर हसण्यावारी गेलं. मग एक दिवस कोणीतरी व्हरांड्यात एका आमदाराची कॉलर धरली. रक्षकांना कायद्याने विनंती करता येत होती. त्यांनी विनंती केली. कॉलर फाटेपर्यंत केली.

तेव्हा सभागृहातल्या सगळ्यांत ज्येष्ठ आमदारांनी नवा कायदा आणला. हे गृहस्थ एक्याऐंशी वर्षांचे, आठ वेळा निवडून आलेले, मूळचे वकील. सगळं सभागृह त्यांना आजोबा म्हणे. रक्षकांना आवारात पोलिसांसारखेच अधिकार द्यायचे, अडवायचे, झडती घ्यायचे, ताब्यात ठेवायचे, असा तो कायदा. सगळ्यांत कडक होतं कलम नऊ. एकदा नोंदवहीत नाव चढलं की त्या माणसाला सोडायचं दोनच प्रकारांनी: एक तर अध्यक्षांच्या लेखी हुकमाने, नाहीतर ज्याने अडवलं त्या रक्षकाला स्वतःला त्या माणसाची ओळख पटल्यावर. वरिष्ठांच्या सांगण्यावरून नाही, मंत्र्याच्या फोनवरून नाही. सभागृहात हे कलम वाचलं गेलं तेव्हा बरेच जण हसले होते. पहिल्या फोनला मोडेल, असं एकाने उभं राहून सांगितलं होतं.

कायदा मंजूर झाला, निवडणुका झाल्या, आणि रक्षकांना एकेक पुस्तिका, एकेक शिट्टी आणि एकेक बेड्यांचा जोड मिळाला. उंबरठ्याने बेड्या सरावासाठी घरी नेल्या. माणूस कोणी तयार होईना, म्हणून त्याने गॅसच्या सिलिंडरची कडी ओट्याच्या नळाला जखडली. सराव छान झाला. किल्ली कार्यालयातल्या कपाटात राहिली होती. दुसऱ्या दिवशी भरलेलं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने हे पाहिलं आणि अटकेतलं सिलिंडर आपण नेणार नाही, असं सांगून तो निघून गेला. उंबरठ्याच्या घरी दोन दिवस थंड जेवण झालं. त्यानंतर बायकोने बेड्या घरात आणायच्या नाहीत असा कायदा केला, आणि त्यात कलम एकच होतं.

खरी कसोटी वेगळीच होती. नव्या कायद्याखाली आमदार ओळखण्याची परीक्षा ठेवली गेली. चाळीस फोटो, छत्तीस बरोबर यायला हवेत, नापास होईल तो मागच्या फाटकावर. शिवाय सुरक्षाप्रमुखांनी, म्हणजे एका शिडशिडीत, सदा घामेजलेल्या साहेबांनी, सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की पास झालात तरी एक तक्रार, फक्त एक, आली की मागचं फाटक.

उंबरठ्याने आयुष्यात पहिल्यांदा फोटोंचं पुस्तक नीट उघडून पाहिलं. सगळे फोटो छातीपर्यंतच होते. पाय कोणालाच नव्हते.

बायकोने पुस्तक हातात घेतलं. संध्याकाळी भाजी चिरता चिरता शिकवणी सुरू झाली. तिची पद्धत सोपी होती: प्रत्येक चेहऱ्याला घरातलं काहीतरी चिकटवायचं. पहिल्या पानावरचे जुने आमदार सोडून द्या, ते मला झोपेत ओळखू येतात, असं उंबरठा म्हणाला आणि तिनेही मान्य केलं, कारण सत्तावीस वर्षं तो त्यांच्याबद्दलच बोलत आला होता. मग उरले नवे एकसष्ट. एक जण दुधी भोपळा झाला. एक तुमच्या आत्याचा थोरला, पण दात सरळ केलेला. एक आपल्या लेकीला नाकारणारा मुलगा, म्हातारपणी. एक बाई मिक्सरचं भांडं झाल्या, का ते दोघांनाच कळलं.

"हा कोण?" ती पान धरून विचारायची.

"आत्याचा थोरला."

"तो मागचा. हा बघा नीट, भुवया जोडलेल्या."

"मग घरमालक."

"घरमालकाचा साडू. चष्मा आहे ना."

तिला एकसष्टच्या एकसष्ट चौथ्या दिवशी पाठ झाले. त्याला तीन आठवडे लागले. परीक्षेत त्याचे सदतीस बरोबर आले. प्रश्न फक्त नव्यांवरच होते, कारण जुने कोण चुकणार, असं परीक्षकांनाही वाटलं होतं. त्या रात्री बायकोने पायऱ्यांवर घालायचे कपडे पेटीतून काढून पुन्हा एकदा उन्हात टाकायचं ठरवलं.

नव्या सभागृहाचा पहिला दिवस उजाडला तो कडाक्याच्या थंडीत. अकरा वाजता बैठक. अध्यक्षांची निवड व्हायची होती. तोवर रिवाजाप्रमाणे सगळ्यांत ज्येष्ठ सदस्याने, म्हणजे आजोबांनी, हंगामी अध्यक्ष म्हणून खुर्चीत बसायचं आणि सगळ्यांना शपथ द्यायची. उंबरठा सकाळी साडेआठलाच जागेवर होता. नऊ वाजून वीस मिनिटांनी त्याचा जोडीदार दोन चहा आणतो म्हणून गेला. जोडीदार चहाला गेला की चहाच्या बागेत जाऊन पानं खुडून येत असावा, इतका वेळ लागे.

तेवढ्यात पायऱ्यांवर एक जण आला. एकटा, पायी. डोक्याला टोपी, गळ्याला मफलर, तोही हनुवटीपर्यंत. उंबरठा सवयीने वाकायला लागला. अर्ध्यात आला आणि समोर पाय आले.

पांढरेशुभ्र बूट. खेळाडू घालतात तसले, जाड तळव्याचे, बाजूला हिरवी नागमोडी रेघ. आवाज म्हणून नाही. पायरीवर पडत नव्हते, उसळत होते. असे पाय या दारात सत्तावीस वर्षांत आले नव्हते.

उंबरठा अर्धा वाकलेला होता, तो तिथूनच परत सरळ झाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने या दारात आलेल्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं. सुरकुतलेलं, गोल, मिशी नसलेलं तोंड. त्याने मनातल्या मनात सगळं स्वयंपाकघर धुंडाळलं. दुधी भोपळा नाही. आत्याचा थोरला नाही. घरमालक नाही, त्याचा साडू नाही. एकसष्टांत हा माणूस कुठेच नव्हता. आणि जुन्यांत हे बूट नव्हते.

"पास दाखवा," उंबरठा म्हणाला.

"कसला पास?"

"आत जायचा."

"बत्तीस वर्षांत मी इथे पास दाखवलेला नाही."

"मग बत्तीस वर्षं तुम्ही चुकीच्या दाराने येताय. पाहुण्यांचं दार डावीकडे. सांभाळून जा, तिथे ओलं आहे."

म्हाताऱ्याने "बाजूला व्हा" म्हणत त्याच्या खांद्याला हात लावून पुढे पाऊल टाकलं. खांद्याला हात म्हणजे रक्षकाला अडथळा. कलम चार. उंबरठ्याने शिट्टी तोंडात धरली, पण समोरच्याचं वय बघून वाजवली नाही. त्याने म्हाताऱ्याचा दंड हलकेच धरला, आपल्याला ताब्यात घेत आहे असं पुस्तिकेतल्या शब्दांत सांगितलं, आणि चौकीत नेलं. वाटेत दोनदा म्हणाला, पायरी आहे.

चौकी म्हणजे दारालगतची एक खोली: एक टेबल, एक बाक, एक हीटर, पायपुसणं आणि कोरी करकरीत नोंदवही. तिच्यात पहिलीच नोंद उंबरठ्याने सुवाच्य अक्षरात केली. नावापुढे "असे सांगतात". व्यवसायापुढे "आमदार, असे सांगतात". वय एक्याऐंशी, इथे मात्र त्याने काही जोडलं नाही, ते दिसतच होतं. नाव आजोबांचंच होतं. पण उंबरठ्याच्या मनात आलं, तोतया आला तर साध्यासुध्याचं नाव कशाला सांगेल?

जोडीदार दोन पेले घेऊन आला, त्याने बाकावर पाहिलं, पेले टेबलावर ठेवले, सलाम केला आणि आल्या पावली साहेबांना बोलवायला पळाला. सुरक्षाप्रमुख आले ते येतानाच घामाने भिजले होते. त्यांनी आधी बाकाकडे हात जोडले, मग उंबरठ्याला बाहेर नेऊन, दात ओठ खात, त्याने काय केलं आहे ते सांगितलं. हे आजोबा आहेत. मिशी काढली म्हणून काय झालं, सबंध राज्य त्यांना ओळखतं. ओळख पटली असं लिही, सही कर, आणि पाय धर.

उंबरठ्याने मान डोलावली. अकरा पायऱ्या त्याच्या डोळ्यांसमोरून एकेक करून गेल्या, आणि सातव्या पायरीवर बायको एकटीच उभी दिसली. त्याने खिशातून पेन काढलं. तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोणाच्या सांगण्यावरून लिहिताय?"

सगळे आत आले. आजोबा बाकावर ताठ बसले होते. आतापर्यंत ते संतापलेले होते, पण साहेबांचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकल्यापासून त्यांच्यातला वकील जागा झाला होता. त्यांनी साहेबांना विचारलं की वरिष्ठाच्या सांगण्यावरून सोडता येत नाही, हे कलम नऊमध्ये आहे की नाही? साहेब म्हणाले, आहे. मग? साहेब म्हणाले की पण आपण स्वतःच ते आहात. आजोबा म्हणाले, असेन, पण ह्यांना माझी ओळख कुठे पटली आहे? सभागृहात मला सांगितलं होतं की हे कलम पहिल्या फोनला मोडेल. ते पहिल्याच दिवशी, मीच, फोनसुद्धा न येता मोडू?

साहेबांनी दुसरी वाट काढली. अध्यक्षांचा लेखी हुकूम चालतो, आणि आज अध्यक्ष म्हणजे हंगामी का होईना, आपणच. आपणच आपल्या सुटकेचा हुकूम लिहावा. आजोबांनी मान हलवली. ताब्यातल्या माणसाची सही ग्राह्य नाही. कलम अकरा.

"तेही माझंच आहे," ते म्हणाले, आणि आवाजात वैताग किती आणि अभिमान किती, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दहा वाजले. साहेब सभागृहाच्या सचिवांना कळवायला गेले, जोडीदार दारावर गेला, आणि चौकीत दोघंच उरले. गार झालेले दोन पेले टेबलावर. उंबरठ्याने एक पुढे सरकवला. आजोबांनी घेतला.

"नवीन आहात का तुम्ही या दारावर?" त्यांनी विचारलं.

"सत्तावीस वर्षं झाली, साहेब."

आजोबांचा पेला ओठांपाशी थांबला. त्यांनी उंबरठ्याच्या तोंडाकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा चेहरा आपण जन्मात पाहिलेला नाही. त्यांनी पाहिली होती ती एक टोपी. वाकलेल्या टोपीचा माथा, मधोमध पितळी बिल्ला. तो बिल्ला त्यांना आता दिसत होता आणि ओळखीचा वाटत होता. त्यांनी चहा पिऊन टाकला आणि पेला खाली ठेवला.

"म्हणजे फिटंफाट झाली म्हणायची," ते पुटपुटले.

हीटर करकरत होता. साडेदहा वाजले. बाहेर व्हरांड्यात पावलांची धावपळ सुरू झाली. उंबरठा खाली मान घालून नोंदवहीतल्या रकान्यांना पट्टीने रेघा मारत बसला, कारण मागच्या फाटकावरही नोंदवही असणार आणि तिथे तरी काम नीट व्हावं.

नव्या बुटांनी आजोबांना सकाळपासून छळलं होतं. डॉक्टरांनी मऊ तळव्याचे बूट सांगितले आणि नातसुनेने दुकानात उभ्या उभ्या घेऊन दिले, जुन्या चपला तिने लपवून ठेवल्या. आजोबांनी वैतागून नाड्या सोडल्या, बूट काढून बाकाखाली ढकलले, आणि पाय मोकळे करायला नुसत्या मोज्यांवर उठून खिडकीकडे निघाले.

दोन पावलं लांब. एक आखूड. थांबले, श्वास घेतला. पुन्हा दोन लांब, एक आखूड. खिडकीशी पायपुसणं होतं. त्यावर डावा तळवा दोनदा घासला.

उंबरठ्याची मान खालीच होती. टेबलाखालून त्याला दिसले ते फक्त पाय. पट्टी तशीच हातात घेऊन तो उभा राहिला, आणि कमरेतून काटकोनात वाकला.

"साहेब, आपण होय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "चपला कुठे गेल्या आपल्या? तपकिरी, डाव्या पट्ट्याला काळा दोरा."

आजोबा वळले. तो दोरा त्यांनी स्वतः घातला होता आणि तो काळा होता, हे त्यांच्याशिवाय घरातही कोणाला माहीत नव्हतं.

"वर बघा," ते म्हणाले. "आणखी काय माहीत आहे तुम्हाला?"

उंबरठा सरळ झाला, पण सांगताना पुन्हा खालीच बघू लागला. त्याने सांगितलं की बारा वर्षांपूर्वी, अधिवेशन चालू असताना, एक आठवडा आपण पायपुसण्यावर पाय घासला नव्हता. तसेच आत जात होता, धुळीच्या चपलांनी. दारात थांबतही नव्हता. काय झालं ते विचारायची रक्षकाची जागा नव्हती. "मी आपला रोज पायपुसणं झटकून ठेवत होतो," तो म्हणाला. "म्हटलं, आज घासतील."

आजोबा खिडकीबाहेर बघत राहिले. त्या आठवड्यात त्यांची बायको गेली होती. शोकप्रस्ताव झाला होता, तेरा जण त्यावर बोलले होते. त्यांतल्या कोणाचाच एक शब्द त्यांना आता आठवत नव्हता.

"लिहा," शेवटी ते म्हणाले. "ओळख पटली असेल तर लिहा. तुमच्या मनाने."

उंबरठ्याने लिहिलं: ओळख पटली. पायांवरून. वेळ दहा पन्नास. खाली सही केली. साहेब धापा टाकत आले तेव्हा राज्याचे हंगामी अध्यक्ष बाकावर बसून बूट चढवत होते आणि उंबरठा त्यांच्या नाड्या सैल बांधण्याबद्दल मेहुण्याकडून शिकलेला सल्ला देत होता.

अकराला बैठक सुरू झाली. शपथा झाल्या. लगेच एक नवे आमदार उठले. हे आपले दुधी भोपळा. त्यांना सगळी बातमी लागली होती. एका ज्येष्ठ सदस्याला दारात अडवून ताब्यात ठेवलं, हा सभागृहाचा अपमान आहे, त्या रक्षकावर हक्कभंगाची कारवाई व्हावी, असं ते म्हणाले. बाकं वाजली. आजोबांनी खुर्चीतून हात वर केला.

"अडवलेल्या सदस्यांची काही तक्रार नाही," ते म्हणाले. "मी त्यांना स्वतः विचारलं आहे."

कलम नऊवर त्यानंतर कोणी हसलं नाही. सुरक्षाप्रमुखांनी तक्रारींची फाईल उघडून पाहिली, ती कोरी होती, आणि कोऱ्या कागदावर कोणाला मागच्या फाटकावर पाठवता येत नाही. म्हणून त्यांनी एक परिपत्रक तेवढं काढलं: यापुढे रक्षकांनी मानेपुरतंच वाकायचं आणि नजर आमदाराच्या हनुवटीखाली जाऊ द्यायची नाही.

उंबरठा घरी पोचला तेव्हा बायकोने टीव्हीवर सगळं ऐकलेलं होतं. फोटोंचं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं होतं. पान एक.

"पहिलाच फोटो आहे," ती म्हणाली. "मिशा आहेत, पण नाक बघा. तुमच्या काकांचं नाक."

"पान एक आपण सोडलं होतं."

"तुम्ही सोडायला लावलंत. झोपेत ओळखतो म्हणालात." मग तिने त्याला वाढलं आणि जेवण होईपर्यंत दर घासाला एकेक जुना आमदार दाखवला.

निवृत्तीपर्यंत उंबरठा परिपत्रकाप्रमाणे मानेपुरता वाकत राहिला. त्यामुळे त्याची मान धरली. आजोबा रोज पांढऱ्या बुटांतून यायचे, दारात थांबायचे, तोंड पुढे करायचे आणि म्हणायचे, "घ्या बघून." उंबरठा निरखून बघायचा, नाकावर काकांची खूण पटवायचा, आणि ते आत वळले की मन मानत नाही म्हणून पटकन एकदा खाली बघून घ्यायचा.

निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी तो बायकोला घेऊन पहिल्यांदाच आतल्या बाजूने मुख्य दरवाज्यापाशी आला. मेहुणा, लेक, जोडीदार, सगळे खाली पायऱ्यांशी उभे होते. दार उघडायला नवा रक्षक असायला हवा होता. पण पितळी मूठ धरून दुसरंच कोणीतरी उभं होतं, आणि दार उघडून ते कमरेतून वाकलं. चांगलं काटकोनात वाकलं, वयाच्या मानाने फारच. वरून दिसत होती ती फक्त टोपी. उंबरठ्याने खाली पाहिलं. तपकिरी चपला. डाव्या पट्ट्याला काळा दोरा.

"ओळख पटली, साहेब," तो हळूच म्हणाला. "आता उठा, कंबर धरेल."

आणि तो उंबरठा ओलांडून बाहेर आला. पायऱ्या उतरू लागला, एक, दोन, तीन, मान खाली घालून, प्रत्येक पायरी न्याहाळत.

"अहो," बायको त्याचा दंड धरून म्हणाली, "सातवी आली. आज तरी वर बघा."

त्याने वर बघितलं, आणि आठव्या पायरीवर त्याचा पाय चुकला.